वर्गणी मोबाइलवर आली, वसुली तुमच्याकडेच राहिली: जिल्ह्याचं सशुल्क बातमीपत्र कसं सुरू करावं

छापील पेपरचा हिशेब सांगली-मिरजेतल्या कुठल्याही जुन्या एजंटाला तोंडपाठ असतो. पहाटे गठ्ठे उतरतात, पोरं सायकलवरून लाईन टाकतात, महिनाअखेरीला बिलं फिरतात. कोण पहिल्या तारखेला पैसे काढून ठेवतो, कोण ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतो, मुलगा पुण्याला गेल्यापासून कुणाचा पेपर बंद झाला, हे सगळं त्या एका माणसाच्या डोक्यात असतं. मोबाइलवर बातमी पोचवायला गठ्ठा लागत नाही, टेम्पो लागत नाही. पण एजंटाबरोबर त्याच्या डोक्यातली वहीही गेली, आणि नव्याने डिजिटल बातमीपत्र काढणारे बहुतेक जण अडकतात ते तिथेच. वेबसाइट आठ दिवसांत उभी राहते. वर्गणी घेणं, ती नेमकी कुणाची आली हे जुळवणं आणि वर्षभराने त्याच माणसाकडून पुन्हा मिळवणं, हा धंद्याचा मोठा भाग आहे.

इथे गृहीत धरलेला कारभार छोटा आहे: एक-दोन माणसं, एक जिल्हा, मराठी मजकूर, जेमतेम भांडवल. उदाहरणं सांगली जिल्ह्यातली आहेत. साताऱ्यात, कराडला किंवा फलटणला बसून करणाऱ्यांना पिकं आणि धरणं बदलावी लागतील, बाकी पायऱ्या त्याच.

पायरी १: पैसे कशाचे घ्यायचे ते आधी ठरवा

‘आमची पत्रकारिता निर्भीड आहे’ यावर वर्गणी मिळत नाही. कोणत्या मजकुराला लोक पैसे देतात याचा अंदाज मोठ्या पेपरांच्या चुकांवरून येतो. न्यूयॉर्क टाइम्सने २००५ मध्ये फक्त स्तंभलेख आणि मतं पैशाआड ठेवून पाहिली आणि २००७ मध्ये तो प्रयोग गुंडाळला. मार्च २०११ मध्ये त्यांनी ठरावीक लेख फुकट आणि पुढचे पैसे देऊन अशी पद्धत आणली, ती टिकली. फायनान्शियल टाइम्सचं मात्र आधीपासून चाललं होतं, कारण त्यांचा वाचक ती माहिती वापरून व्यवहार करत होता. जिल्ह्याच्या पातळीवरही हेच लागू पडतं. ज्या माहितीवर उद्या सकाळी कुणाला माल विकायचा की ठेवायचा हे ठरवायचं आहे, तिला पैसे मिळतात. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची बातमी फोटोसकट दहा ग्रुपवर आधीच फिरलेली असते.

बेदाण्याचं घ्या. तासगाव आणि सांगलीतल्या सौद्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर बाजार समिती आणि पणन मंडळाकडून फुकट मिळतात. तेच उचलून पुन्हा छापलंत तर कुणी पाच रुपयेही देणार नाही. पण त्या तीन आकड्यांत एक खोच आहे. कमाल दर बहुतेक वेळा एखाद्या निवडक लॉटला मिळालेला असतो. मथळा त्याच आकड्याचा होतो आणि जतच्या शेतकऱ्याला वाटतं, आपला मालही त्या भावात जाईल. म्हणून रोज संध्याकाळी एकच ठरलेल्या साच्यातली नोंद द्या: आवक किती बॉक्स (बेदाण्याचा बॉक्स साधारण १५ किलोचा), त्यातला किती माल विकला गेला आणि किती परत कोल्ड स्टोरेजला गेला, हिरवा, पिवळा आणि काळा यांचे वेगवेगळे दर, कमाल दर मिळालेला माल नेमका कसा होता, पुढचा सौदा कुठे आणि कधी. शेवटी दोन ओळींत तुमचं निरीक्षण. हळदीलाही हाच साचा चालतो, फक्त दर क्विंटलचा, आणि हळकुंड व गड्डा वेगळे दाखवायचे.

ही नोंद मिळवायला माणूस यार्डात उभा असावा लागतो. त्याचा पगार हाच तुमचा मुख्य खर्च, आणि तीच तुमची विकण्याजोगी वस्तू. कारखान्यांची ऊसबिलं कोणत्या तारखेपर्यंतची जमा झाली, तालुक्यातल्या टेंडर आणि लिलावांच्या नोटिसा, द्राक्षबागेसाठी हवामानाचा अंदाज सोप्या भाषेत, ही आणखी काही उदाहरणं. एकाच विषयाने सुरुवात करा. चार विषय घेतले की चारही अर्धवट राहतात.

काय फुकट ठेवायचं हेही आत्ताच लिहून काढा. पुराची माहिती कधीही पैशाआड ठेवू नये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीत शाळकरी पोरालाही माहीत असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा लोक दर तासाला ‘आता किती?’ एवढंच विचारत होते. अशा वेळी पातळी, कोयनेचा विसर्ग आणि बंद रस्ते यांची नोंद वेळ टाकून, सगळ्यांना खुली द्या. वेळ न टाकलेला आकडा पुरात घातक ठरतो, कारण तोच मेसेज सहा तासांनीही फिरत असतो आणि नव्या गल्लीत नवा म्हणून वाचला जातो. धंद्याच्या बाजूनेही यात तोटा नाही. पुरात ज्याचा आकडा बरोबर निघाला, त्याचं नाव लोक लक्षात ठेवतात.

पायरी २: मजकूर युनिकोडमध्येच तयार करा

युनिकोड म्हणजे कुठल्याही फोनवर आणि साइटवर सारखीच वाचता येणारी अक्षरपद्धती. किरकोळ वाटणारी ही पायरी पुढे महिने खाते. आपल्याकडचे बहुतेक डीटीपी ऑपरेटर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँट-पद्धतीत टाइप करतात. छपाईला ते उत्तम, पण तोच मजकूर वेबसाइटवर चिकटवला की अगम्य चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरने बदलता येतो, मात्र बदलल्यावर तीन ठिकाणी डोळ्यांनी तपासा. पहिलं, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’: ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं. दुसरं, पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकलेली असते. तिसरं, आकडे, कारण बदलताना टिंब गळलं तर १४.५० चा दर १४५० होऊन बसतो. बाजारभावाच्या पत्रात अशी एक चूक झाली की अडत्यांचे फोन दिवसभर थांबत नाहीत.

फाँट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी ठेवा, दोन्ही मोफत आहेत. पानाच्या कोडात भाषा मराठी अशी नोंदवा. ती हिंदी राहिली तर काही फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात, आणि वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

पायरी ३: कागदपत्रं

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत होते. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या, तशाच दिसणाऱ्या साइट त्यासाठी पैसे मागतात, त्या टाळा. शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन नोंद करा. ही दोन कागदं आणि पॅन असलं की बँकेत व्यवसायाच्या नावाने चालू खातं निघतं. ते वेगळंच असावं. वर्गणी घरच्या बचत खात्यावर घेतली आणि एखाद्या वाचकाने पाठवलेली रक्कम सायबर फसवणुकीच्या साखळीतली निघाली, तर बँक खात्यातली रक्कम अडकवू शकते. मग किराण्याचे आणि पोरांच्या फीचे पैसेही त्यात सापडतात.

जीएसटी नोंदणी सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेली की लागते. छापील वर्तमानपत्रावर हा कर नाही, पण ऑनलाइन वर्गणीवर नोंदणीनंतर १८ टक्के लागतो, हे दर ठरवताना ध्यानात असू द्या. जाहिरातींतून परदेशातून येणारं उत्पन्नही त्या २० लाखांत धरलं जातं, हे अनेकांना उशिरा कळतं.

२०२३ चा नियतकालिक नोंदणीचा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे आणि तो छापील प्रकाशनांसाठी आहे. त्यामुळे ‘वेबसाइटला आरएनआय नंबर (वर्तमानपत्राचा नोंदणी क्रमांक) काढून देतो, वर प्रेसचं कार्ड’ म्हणणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. गाडीवर ‘प्रेस’ लिहिण्यापलीकडे त्या कार्डाचा उपयोग नसतो. डिजिटल बातम्यांना लागू असलेले माहिती तंत्रज्ञान नियम २५ फेब्रुवारी २०२१ चे आहेत. प्रकाशन सुरू केल्यापासून ३० दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपला तपशील कळवायचा असतो. तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव साइटवर द्यायचं आणि १५ दिवसांत तक्रार निकाली काढायची अशीही तरतूद आहे. यातल्या नियम ९ च्या पहिल्या आणि तिसऱ्या पोटनियमाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. ती बाजू वकिलाकडून समजून घ्या, पण तक्रारीचं पान ठेवाच. चुकलेला दर दुरुस्त करून मागणाऱ्याला कुठे लिहायचं ते तरी कळतं.

पायरी ४: पैसे घेण्याचा रस्ता

इथे घाई केलेली सगळ्यात महाग पडते.

नवखा माणूस सहसा सबस्टॅक किंवा घोस्टवर बातमीपत्र उघडतो, दोन महिने फुकट अंक काढतो, तीनशे वाचक जमवतो आणि मग वर्गणी सुरू करायचं बटण दाबतो. तेव्हा कळतं की या दोन्हींची वसुली स्ट्राइप नावाच्या कंपनीतून होते आणि भारतात स्ट्राइप नवीन खाती फक्त निमंत्रणावर देते. म्हणजे लिहायला ती साधनं छान, पण पैशाचा दरवाजा बंद. म्हणून आधी भारतीय पेमेंट गेटवेचं, म्हणजे वाचकाचे पैसे ऑनलाइन घेऊन तुमच्या खात्यात टाकणाऱ्या कंपनीचं, खातं मंजूर करून घ्या आणि मग त्याला जोडता येईल असं प्रकाशनाचं साधन निवडा. वर्डप्रेसवर सदस्यत्वाचं प्लगिन (साइटला जोडायचं तयार सॉफ्टवेअर) आणि गेटवेचं प्लगिन हा जोड कंटाळवाणा आहे, पण चालतो, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा पोरगा सांगलीच्या विश्रामबागेत सापडतो.

गेटवे मंजुरीच्या आधी साइट उघडून पाहतो. संपर्क, अटी, गोपनीयता आणि पैसे परत देण्याचं धोरण ही चार पानं नसतील तर अर्ज परत येतो. परताव्याच्या पानावर गोलमाल भाषा नको: ‘वर्गणी भरल्यापासून ७ दिवसांत मागितल्यास पूर्ण परत’ एवढं स्पष्ट लिहा. व्यवसायाचं नोंदणीकृत नाव आणि बातमीपत्राचं नाव वेगळं असेल तर तेही लिहा. नाहीतर वाचकाच्या बँकेच्या मेसेजमध्ये अनोळखी नाव दिसतं आणि तो सरळ फसवणुकीची तक्रार करतो.

आता हिशेब. गेटवेचा सर्वसाधारण दर २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २.३६ टक्के. ४९९ रुपयांच्या वार्षिक वर्गणीतून ११ रुपये ७८ पैसे जातात. हीच वर्गणी प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपमधून घेतली तर १५ टक्क्यांनी सुमारे ७५ रुपये. यूट्यूबच्या सदस्यत्वातून घेतली तर ३० टक्के, म्हणजे जवळपास १५० रुपये. म्हणून पहिल्या दोन वर्षांत अ‍ॅपच्या भानगडीत पडू नये. वर गूगल नव्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप खुलं करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यायला लावतो. तेवढ्या वेळात बारा अडत दुकानं फिरून होतात.

तुमचा साधा यूपीआय क्यूआर कोड मात्र फुकट आहे. दोनशे वर्गणीदारांपर्यंत तो पुरतो, एका अटीवर: स्क्रीनशॉटवर कधीही विश्वास ठेवायचा नाही. पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप्स सर्रास मिळतात. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला १२ अंकी क्रमांक असतो. वाचकाकडून तो मागा, बँकेच्या विवरणात जुळवा आणि मगच नाव चालू करा. जुळवणी रोज रात्री एकदा. आठवडाभर साठवली की ‘४९९, ४९९, ४९९’ अशा वीस सारख्या नोंदींत कोण कुठला ते कळत नाही. त्यावर जुनी युक्ती अशी की तालुक्यानुसार रक्कम एक-दोन रुपयांनी वेगळी ठेवायची: तासगावला ४९९, विट्याला ४९८, जतला ४९७. दिसायला वेडगळ आहे, पण विवरण पाहताच तालुका कळतो.

दोनशेच्या पुढे गेटवे लागतोच, आणि त्याबरोबर एक खास बिघाड येतो. वाचकाने पैसे भरले, यूपीआय अ‍ॅपने हिरवी खूण दाखवली आणि त्याने तिथूनच फोन खिशात टाकला. तो तुमच्या साइटवर परत आलाच नाही, त्यामुळे साइटला पैसे मिळाल्याचं कळलं नाही आणि बातमी बंदच राहिली. यावर उपाय म्हणजे वेबहुक: पैसे जमा होताच गेटवे तुमच्या साइटला परस्पर निरोप देतो, वाचक परत येवो न येवो. सेटिंगमध्ये हे स्वतः चालू करावं लागतं. चालू केल्यावर एक रुपयाचा व्यवहार करून, मध्येच अ‍ॅप बंद करून, खरंच चालतं का ते पाहा.

आपोआप कापली जाणारी वर्गणी घ्यावी का?

यूपीआय ऑटोपे जुलै २०२० मध्ये आलं. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती वसुलीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. त्यानुसार प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी नव्याने पिन लागत नाही. नियम वाचकाच्या भल्याचा आहे. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा की मासिक वर्गणी ठेवली तर वर्षातून बारा वेळा वाचकाला ‘पैसे कापले जाणार’ असा मेसेज जातो, आणि प्रत्येक मेसेज म्हणजे रद्द करण्याची आठवण.

बेदाणा-हळदीच्या वाचकासाठी सरळ वार्षिक, एकरकमी वर्गणी बरी. शहरातल्या, पगारदार वाचकाला मासिक ४९ रुपयांचं ऑटोपे चालतं. ते ठेवणार असाल तर मंजुरीची कमाल रक्कम वर्गणीइतकीच लावा. काही प्लगिनमध्ये ती आपसूक मोठी असते. वाचकाला स्क्रीनवर ‘१५,००० रुपयांपर्यंत’ दिसतं आणि तो घाबरून मागे फिरतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली कपात टाळा. खात्यात पैसे नसल्याने ती फसते आणि वाचकाचं नाव विनाकारण बंद पडतं. पाच ते दहा तारखेदरम्यान कपात ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

पायरी ५: कुंपण कुठे घालायचं

पैसे भरल्याशिवाय मजकूर न उघडणाऱ्या कुंपणाला पेवॉल म्हणतात. हरिपूरच्या हळदीच्या पेवांशी, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांशी, त्याचं नातं उच्चारापुरतंच, पण तत्त्व जवळचं आहे: माल आत सुरक्षित राहिला पाहिजे आणि वेळेवर बाहेर काढता आला पाहिजे.

‘महिन्याला पाच लेख फुकट, सहावा पैशाने’ ही मोजणीची पद्धत जिल्ह्याच्या पत्राला कामाची नाही. तुमचा वाचक महिन्यात तीन-चारदाच येतो, त्यामुळे तो कधी कुंपणापर्यंत पोचतच नाही. शिवाय मोजणी ब्राउझरच्या कुकीवर (फोनमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीवर) चालते. फेसबुकमधून उघडलेलं पान आणि क्रोममधून उघडलेलं पान यांच्या कुकी वेगळ्या, म्हणजे मोजणी पुन्हा एकपासून. त्याऐवजी कोणता मजकूर बंद आणि कोणता खुला हे संपादकाने रोज हाताने ठरवावं. बंद बातमीच्याही पहिल्या तीन ओळी खुल्या ठेवा, आणि त्यात काहीतरी खरं सांगा. ‘बेदाण्याच्या दरात मोठा बदल, वाचा सविस्तर’ याला लोक कंटाळलेत. ‘आज आवक कालच्यापेक्षा कमी, काळ्याला उठाव, हिरव्याचे दर खाली सविस्तर’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला आत काय आहे ते कळतं.

तांत्रिक बाजूला एकच आग्रह: बंद मजकूर सर्व्हरवरून पाठवलाच जाऊ नये. स्वस्त प्लगिन पूर्ण बातमी पाठवतात आणि वरून पडदा टाकतात. ब्राउझरचं रीडर मोड दाबलं की पडदा गायब. तपासायला लॉगिन न करता पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडा आणि बातमीतलं शेवटचं वाक्य शोधा. सापडलं तर कुंपण नुसतं रंगवलेलं आहे.

लॉगिनला पासवर्ड नको, तो कुणाच्याच लक्षात राहत नाही. एसएमएसवर ओटीपी पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार डीएलटी या मेसेज पाठवणाऱ्यांच्या यंत्रणेवर नोंदणी करून मेसेजचा साचा मंजूर करावा लागतो, आणि प्रत्येक मेसेजचे पैसे वेगळे. सुरुवातीला गूगल खात्याने लॉगिन ठेवा. अँड्रॉइड फोनवर ते एका बोटाचं काम असतं. मेल न उघडणाऱ्या माणसाचंही खातं फोनमध्ये असतंच.

व्हॉट्सअ‍ॅप: फायदा आणि घोळ

सशुल्क व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा सगळ्यांना सुचणारा पहिला मार्ग. ग्रुपची मर्यादा १,०२४ जणांची, आणि प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. तुमची वर्गणीदारांची यादी अशी आयती दुसऱ्याच्या हाती जाते, आणि शिवाय खत-औषधवाल्यांच्या जाहिराती सुरू होतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, तेही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या चॅनेलवर नंबर लपलेले राहतात, पण वर्गणीच्या वसुलीसाठी त्याच्यावर विसंबू नका. तेव्हा चॅनेल फुकटच्या तीन ओळींसाठी आणि पूरकाळासाठी, आणि पूर्ण मजकूर साइटवर, अशी वाटणी करा. स्वस्तात हजारो मेसेज पाठवून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. व्हॉट्सअ‍ॅप असे नंबर बंद करतं, आणि तोच नंबर तुमच्या प्रत्येक पावतीवर छापलेला असतो.

मजकूर गळणार, हे धरून चाला. २०२० च्या टाळेबंदीत पेपरांच्या पीडीएफ टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवर एवढ्या फिरल्या की एका हिंदी दैनिकाच्या प्रकाशकाला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं आणि मे २०२० मध्ये न्यायालयाने टेलिग्रामला ती चॅनेल्स काढायला सांगितलं. छोट्या प्रकाशकाला कोर्ट परवडत नाही. पीडीएफ देतच असाल तर प्रत्येक पानावर वर्गणीदाराच्या मोबाइलचे शेवटचे चार अंक फिकट छापा. तेवढ्याने बरेच फॉरवर्ड थांबतात, कारण नाव उघडं पडण्याची लाज कायद्यापेक्षा लवकर काम करते. आणि एका अडत दुकानात पाच जण एकाच फोनवरून वाचत असतील तर त्यांना चोर ठरवण्याऐवजी पाच फोनांची दुकान-वर्गणी काढा, १,४९९ रुपये. दुकान ती खर्चात टाकतं आणि पावती मागतं. पावती वेळेवर द्या.

पायरी ६: वही

एक साधी एक्सेल शीट. रकाने: नाव, मोबाइल, गाव, काय पिकवतो किंवा काय विकतो, रक्कम, व्यवहार क्रमांक, सुरू तारीख, संपण्याची तारीख, कुणाच्या सांगण्यावरून आला, शेवटचं कधी उघडलं. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि नूतनीकरणाच्या वेळी सगळ्यात जास्त कामाचे तेच असतात. ज्याने सहा आठवड्यांत एकदाही उघडलं नाही, त्याला आताच फोन करा. मुदत संपल्यावर केलेला फोन वसुलीचा वाटतो, आधी केलेला विचारपुशीचा.

आठवण मुदतीच्या ३० दिवस आधी, मग ७ दिवस आधी, मग त्या दिवशी, आणि नंतर १० दिवस मजकूर चालू ठेवून एक फोन. मेसेजमध्ये वर्षभरात किती सौद्यांच्या नोंदी दिल्या तो आकडा टाका. शंभरातले साठ पुन्हा भरतील असं धरलं तर नुसतं जागेवर राहायलाही दरवर्षी चाळीस नवे लागतात. हे गणित पहिल्याच महिन्यात मांडून भिंतीवर लावावं.

वर्गणीची मोहीम कधी काढायची हेही पिकावर ठरतं. द्राक्ष, बेदाणा आणि हळदीचा पैसा साधारण फेब्रुवारी ते मे या काळात हातात येतो. तेव्हा ४९९ रुपये जड नसतात. जून-जुलैत बियाणं, खतं आणि शाळांच्या फिया चालू असताना तोच माणूस नाही म्हणतो, आणि नवखा प्रकाशक समजतो की आपलं पत्रच वाईट आहे.

पाचशे वर्गणीदार झाले असं धरा. जमा २,४९,५००, गेटवेचे सुमारे ५,८८८ वजा, हातात २,४३,६१२ रुपये. यार्डातल्या अर्धवेळ माणसाला महिना ८,००० दिले तर वर्षाचे ९६,००० गेले. साइट, डोमेन, फोन, पेट्रोल धरून आणखी तीस-चाळीस हजार. उरलेल्यात एका संपादकाचा पूर्ण संसार चालत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बेदाणा मशिनरी, ठिबक, कोल्ड स्टोरेज यांच्या थेट जाहिराती याच यादीच्या जोरावर मिळतात, आणि त्या मिळवायला पाचशे नेमके वाचक पुरतात. गूगलच्या जाहिराती लावायच्या तर लावा, फार आशा ठेवू नका: पैसे १०० डॉलर जमल्यावरच मिळतात. त्याआधी १० डॉलरला पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो. पत्त्यात गल्ली आणि जवळची खूण नीट नसली तर तो येतच नाही, आणि चार महिन्यांत पिन न भरल्यास जाहिराती थांबतात. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. तिकडे वळलात तर तो वेगळाच धंदा आहे.

वार्षिक वर्गणीचे पैसे एका दिवसात येतात, काम मात्र बारा महिने करायचं असतं. म्हणून चालू खात्यातून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक वर्गणीचे ४१ रुपये ५८ पैसे एवढेच कमाईत घ्या, बाकी हात लावू नका. एप्रिलमध्ये आलेले दोन लाख दिवाळीपर्यंत संपवून बसलेल्या पत्राला पुढचा हंगाम दिसत नाही. बंद करायची वेळ आलीच तर याच शिल्लक रकमेतून परतावा द्यायचा असतो. सात महिने उरलेल्या वर्गणीदाराचे २९१ रुपये होतात. ज्या यूपीआय आयडीवरून आले तिथेच परत पाठवा, व्यवहार क्रमांक वहीत त्याच ओळीत लिहा, आणि वही किमान आठ वर्षं जपून ठेवा.